आजीबाईंची पिल्लं

टाकीतली माशांची मेलेली पिल्लं काढता काढता माझं अंग आंबून गेलं होतं. पोटं फुगलेली, डोळे बाहेर आलेले. बोटाएवढी झाली की मरायची, दर हंगामाला हेच. पाणी बदललं, खाद्यातून औषध दिलं. पण आजारी मासा खातच नाही. त्यामुळे धडधाकट होते तेच औषध खाऊन आणखी धडधाकट झाले.

ही मत्स्यशेती माझ्या सासऱ्यांची. मी घरजावई, म्हणजे कष्टाला घरचा आणि सल्ल्याला परका. नाहीतर केव्हाच बोललो असतो, की मरतात ती सगळी आजीबाईंची पिल्लं आहेत.

आजीबाई म्हणजे सासऱ्यांची लाडकी मादी. पूर्वी एकदा साथ आली, अख्खी टाकी गेली, ही एकटी वाचली. मरणाला पुरून उरलेली, तेव्हा हिची पोरंही चिवटच निघणार, असं सासऱ्यांनी धरलं. तेव्हापासून अंडी घ्यायची ती हिचीच. सासरे काठावर आले की ती वर यायची, त्यांच्या बोटांना तोंड लावायची. एवढे लाड माझेही कधी झाले नाहीत, असं माझी बायको म्हणते.

शेवटी माशांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "वाचलेला मासा बरा झालेलाच असतो असं नाही. जंतू मूत्रपिंडात दडून बसतात आणि अंड्याच्या आत उतरतात. मग अंडी वरून कितीही धुवा, उपयोग नाही."

"मग तपासा की तिला," सासरे म्हणाले.

"त्यासाठी कापावं लागेल."

सासरे भडकले. "तिला काही झालेलं दिसतंय का तुम्हाला? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी पुन्हा मेलेली पिल्लं काढायला लागलो. सासऱ्यांनी वाकून माझ्या बादलीतला ढीग पाहिला.

"जावईबापू, राहू द्या," ते म्हणाले. "तिला मीच धरतो. तुमच्या हाताला ती यायची नाही."

त्यांनी हात पाण्यात घातला. ती आपणहून आली.

निकाल फोनवर कळला. जंतू होते, भरपूर होते. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. नसते निघाले तर या म्हाताऱ्याला कोणत्या तोंडानं सांगितलं असतं?

सासरे टाकीच्या पायरीवर बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिला त्रास होत होता का हो?"

"नाही बाबा. तिला स्वतःला काहीच होत नव्हतं."

"म्हणजे तिला ठाऊकच नव्हतं. असतं तर माझ्या हाताशी आली नसती."

टाकीत उरलेली पिल्लंही तिचीच होती, तीही ठेवून चालणार नव्हती. ते सांगायची वेळ माझ्यावर आलीच नाही. सासरे उठले आणि पोहती, खाती पिल्लं उपसू लागले.