टॉवरची शिट्टी

"काका, ही बघा, आत्ता वाजतेय. आली का ऐकू?"

शिवणकाम करणारी ताई खिडकीचे गज धरून उभी होती. मोजणीवाल्या काकांनी मान तिरकी केली, डोळे मिटले, श्वासही रोखून धरला. खालून एक स्कूटर धडधडत गेली. समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर होता, त्याच्या पायाशी असलेल्या लोखंडी पेटीतल्या पंख्यांची घरघर होती. शिट्टी मात्र कुठेच नव्हती.

"थांबा जरा, यंत्र लावतो," ते म्हणाले.

सगळ्या गल्लीने टॉवरविरुद्ध तक्रार केली होती, म्हणून काका सकाळपासून इथे होते. लहरींची मोजणी आधीच उरकली होती. घराघरात यंत्राची तिपाई उभी करून, अगदी एका बाळाच्या पाळण्याशेजारीसुद्धा त्यांनी आकडे घेतले होते. मर्यादेच्या कितीतरी खाली. तसं त्यांनी जमलेल्यांना समजावलं. काहींना हायसं वाटलं, काहींनी तोंडं वाकडी केली. ताईला त्या लहरींची भीती नव्हतीच. तिचं गाऱ्हाणं फक्त आवाजाचं होतं.

आवाजाचा एकूण आकडाही मर्यादेतच निघाला.

"मी काय म्हणत होतो?" दारात उभा असलेला तिचा नवरा म्हणाला. "टॉवरबिवर काही नाही. हिच्या डोक्यातच वाजतं ते."

मशीनवर अर्धवट शिवलेला झगा पडला होता, ताई त्याची बाही उगाच सरळ करत राहिली. मग काकांकडे न बघताच म्हणाली, "मशीन चालू असतं तोवर बरं असतं. हात थांबला की ही सुरू. कंपनीची माणसं आली, हसून गेली. हल्ली मलाच वाटायला लागलंय, वेडबिड तर लागलं नाही ना?"

काकांना एकदम दाढी आठवला. दाढी म्हणजे त्यांचा जुना सहकारी. त्या काळी यंत्र एवढं जड असायचं, की दोघांनी दोन बाजूंनी धरून जिने चढायचे. वर पोचल्यावर दाढी म्हणायचा, "यंत्र राहू दे रे, आधी कान लाव!" मग दोघे डोळे मिटून गच्चीत उभे राहायचे आणि कुठला पंखा आजारी आहे यावर चहाची पैज लागायची. काका सहसा हरत नसत. 'मांजराचे कान आहेत लेकाचे,' म्हणत दाढी चहा पाजायचा. दाढी जाऊनही आता किती वर्षं झाली. आणि हल्ली काकांना वाटायचं, नात तोंडातल्या तोंडात बोलते, बायको पुटपुटते, दाराची बेल बिघडलीय.

त्यांनी यंत्रावर आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या उघडल्या. पडद्याच्या उजव्या टोकाला, सगळ्यात तीक्ष्ण आवाजाच्या पट्टीत, एक बारीक रेघ काडीसारखी ताठ उभी होती.

काका बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.

"ताई, आवाज आहे," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही, कारण माझे कान गेलेत." हे वाक्य त्यांनी आजवर घरीसुद्धा उच्चारलं नव्हतं.

नवरा पुढे आला. "म्हणजे, खरंच आहे?"

"ही बघा. तुम्ही काम कुठे करता?"

"छापखान्यात. यंत्रावर."

"मग तुमचेही माझ्याच वाटेवर असणार. आता ताईंच्याच कानांनी काम करू. ताई, मी वर जातो. शिट्टी थांबली की हात वर करा."

टॉवरच्या देखरेखवाल्याने कुरकुरत पेटी उघडून दिली. दाढीने शिकवल्याप्रमाणे काकांनी पंख्याच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावली. हाडात नुसती थरथर जाणवली, बाकी काही नाही. त्यांनी पहिला पंखा बंद करायला लावला. खिडकीतली ताई तशीच उभी. दुसरा बंद केला. तिने मान हलवली, नाही. तिसरा बंद झाला आणि खिडकीत ताईचे एकाच्या जागी दोन्ही हात वर गेले.

"बेअरिंग झिजलंय," देखरेखवाला पंखा हाताने फिरवून बघत म्हणाला. "नवीन येईस्तोवर हा बंदच ठेवतो."

काका परत खोलीत आले, पुन्हा मोजणी केली. रेघ नाहीशी झाली होती. ते सांगायला वळले, पण ताईचं लक्ष नव्हतं. ती मशीनजवळच्या स्टुलावर बसली होती, हात मांडीत. नवरा पाण्याचा पेला घेऊन तिच्या शेजारी उभा होता. तिने तो घेतला नव्हता आणि त्यालाही तो पुढे करायचं सुचत नव्हतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "पलीकडच्या झाडात कुठलंसं पाखरू बोलतंय हो. किती बारीक!"

"कसं बोलतंय?"

तिने जरा विचार केला. "चाकाला तेल घालायचं राहिलं की करकरतं ना, तसंच. पण गोड."

काकांनी मान डोलावली. मग पायांचा आवाज होऊ न देता त्यांनी तिपाई मिटली, यंत्र पेटीत ठेवलं, आणि झाकणाची कडी अंगठ्याने दाबून धरत अगदी अलगद लावली.