चार गावांची एक विहीर

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास असा दुष्काळ पडला, की सावलीसुद्धा पाणी मागत दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायची. अशात डॉक्टर शिवमूर्तींकडे काम आलं. विहिरीत ब्लीचिंग पावडरीऐवजी शेवग्याच्या बियांची पूड टाकली तर हगवण थांबते का, यावर आधी झालेल्या पाहण्या वाचून आढावा लिहायचा. आढावा 'थांबते' म्हणाला, की जिल्ह्यात पावडर बंद.

पाहण्या लोह्याकडच्या, जिल्ह्याच्या शिवेवरच्या चार गावांच्या. चारही म्हणत होत्या, हगवण गेली. शिवमूर्तींच्या ते गळी उतरेना. चार भगुणी दूध, आणि एकातही माशी नाही?

"डॉक्टर, खुसपट काढू नका," वरचे साहेब शेषेराव म्हणाले. "एक ओळ लिहा, सही ठोका."

"फसलेली एखादी पाहणी कुणी दाबून ठेवली असली तर?"

"तुम्ही बायकोच्या हातचा चहासुद्धा हुंगून पिता म्हणे!"

ते खरंच होतं. त्याच संशयानं शिवमूर्ती ती गावं बघायला निघाले. वाटेत सासुरवाडी. सासरे गुरुलिंगप्पांच्या मळ्यात गेले, तर विहिरीवर बैलगाड्यांची रांग, गाडीगाडीवर पिंपं.

"कुठल्या ह्या, मामा?"

म्हाताऱ्यानं गावं सांगितली. तीच चार. "त्यांच्या विहिरी कोरड्या ठाक. समदे हितलंच पिऊन राहिले. खडकातलं पाणी, लई गोड. गाळ प्यायचा सुटला, हगवण थांबली."

"आणि शेवग्याची पूड?"

"ती मागनं पिंपांत टाकली. माझ्याच झाडांची हाय. आता जिल्ह्याला पुरवायची. जावईबापू, तुमच्या सहीची तेवढी वाट हाय."

शिवमूर्तींनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. "मामा, हे सगळं लिहावं लागेल."

"विहिरीचं बी?"

"विहिरीचं, आणि विहीर कुणाची तेही."

"हाव, लिहा! आन् पोरगी माघारी धाडून द्या!"

शिवमूर्तींनी लिहिलंच. काय शोधलं, काय मिळालं, काय मिळालंच नाही. चार पाहण्या, पण पाणी एकाच विहिरीचं. म्हणून पुरावा एकच, आणि तोही पुडीचा नव्हे. पावडर चालू ठेवावी. शेवटी: विहीर व झाडं आढावा लिहिणाऱ्याच्या सासऱ्यांची आहेत.

शेषेराव चिडले. "हे शेवटचं कुणी विचारलं होतं?"

"साहेब, मी सगळ्यांवर संशय घेतला. माझ्यावर कुणी घ्यायचा?"

पावडर चालू राहिली. पोरगीही नांदत राहिली. पुढल्या सणाला गुरुलिंगप्पांनी जावयाला मानानं जेवायला बसवलं. ताटात शेवग्याची आमटी, शेवग्याची भाजी, शेवग्याच्या पाल्याची भाकरी.

"जेवा, पाव्हणं."

शिवमूर्तींनी वाटी उचलली आणि आधी हुंगली.