कारण क्रमांक पाच

"आलं का हो परत?"

नीनुमा-सानांनी अजून टोपीवरचा बर्फही झटकला नव्हता. गेली अकरा वर्षं हा माणूस डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सातव्या मजल्यावर येतो आणि माझ्या टेबलासमोर उभा राहून हेच विचारतो.

"आधी बसा तरी," मी म्हटलं. "टोपी काढा. माझ्या टेबलावर तळं झालंय बघा."

"होऊ दे तळं. आलं का?"

मी त्यांच्या ऑर्डरचा नंबर स्क्रीनवर टाकला. नंबर मला पाठच होता, खोटं कशाला बोलू. पार्सल कुठवर पोचलं हे दाखवणारी पट्टी आली आणि तिच्या टोकाला लाल अक्षरांत 'परत' असं आलं. त्याखाली कारण होतं. मी ते वाचलं आणि हळूच स्क्रीन माझ्याकडे वळवून घेतली.

एकतीस वर्षं मी या दुकानात आहे. सुरुवातीला तळमजल्यावर हातमोजे विकले, मग भेटवस्तू बांधल्या आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा या टेबलावर आले. पार्सल कुठे आहे, का आलं नाही, परत कसं करायचं, हेच दिवसभर. वर्ष संपताना सगळ्या निइगाता शहराला आपल्यावर कुणाकुणाचे उपकार आहेत ते आठवतं आणि सगळे आमच्याकडून खोकी पाठवतात. तेल, हॅम, शेवया, मासे. खोकं नको असेल तर घेणाऱ्यानं चिठ्ठीवर 'स्वीकारायचे नाही' असं हातानं लिहायचं, खाली आपल्या आडनावाचा शिक्का मारायचा, ती खोक्यावर चिकटवायची आणि कुरियरवाल्याच्या हातात द्यायची. सहसा कुणी तसं करत नाही. कोण घेईल एवढा वाईटपणा?

नीनुमा-सानांची लेक घ्यायची.

ते तातामीच्या चटया विणायचे. बोटं अशी जाड की आमच्या टॅब्लेटवर एक अक्षर दाबायला गेले की तीन उमटतात. बायको गेली तेव्हा लेक चिझुरू लांब मात्सुएला होती, परिचारिकेच्या परीक्षेला बसलेली. आई तीन आठवडे दवाखान्यात होती आणि यांनी लेकीला कळवलंच नाही. पोरीची परीक्षा बिघडायला नको, बायको काय, उद्या उठून बसेल, असा सगळा हिशेब. चिझुरू पास होऊन पेढ्यांसारखा गोड खाऊ घेऊन घरी आली, तेव्हा आईच्या अस्थी कलशात होत्या. ती एकच वाक्य बोलली म्हणे. "तुम्ही मला कळवलं नाहीत." आणि त्याच गाडीनं परत गेली. मग फोन नाही, पत्र नाही.

तेव्हापासून दर डिसेंबरला हे मुराकामी गावचा खारवलेला सामन मासा पाठवत. तिला लहानपणापासून आवडायचा म्हणून. आणि दर डिसेंबरला तो परत येई.

तुम्हाला वाटेल, काय बिचारा म्हातारा. मलाही वाटायचं. पण परत आलेलं खोकं न्यायला हा माणूस लग्नाला निघाल्यासारखा यायचा. घरी जाऊन किटलीच्या वाफेवर ती चिठ्ठी अलगद सोडवायचा आणि एका वहीत चिकटवायचा. ती वही मला दाखवायला पुन्हा यायचा. तिसऱ्या वर्षी शिक्क्यावर नीनुमाच्या जागी 'आकाबोशी' आलं.

"ओगुराबाई, लग्न झालं तिचं!" असं म्हणून त्यांनी आमच्याच तळघरातल्या खाऊच्या दुकानातून माझ्यासाठी गोड पावसुद्धा आणला होता. परत आलेल्या पार्सलाचा पेढा खाणारी जपानात मी एकटीच असेन.

पाचव्या वर्षी चिठ्ठीच्या कोपऱ्यात निळ्या खडूचा एक गोल होता. वेडावाकडा, कागद फाटेल इतका दाबून काढलेला.

"मुलगा की मुलगी, कळायला मार्ग नाही," ते म्हणाले. "पण जोर बघा हाताला! तातामीवाल्याचं रक्त आहे."

गेल्या वर्षीची अकरावी चिठ्ठी जरा मोठ्या अक्षरांत होती. एक रेघ चौकटीच्या बाहेर गेलेली. "घाईत असेल," ते म्हणाले. "नोकरी, पोर, घर. बाईला काय कमी कामं असतात?" आणि मी शहाणी, मीही मान डोलावली.

आणि तो मासा ते जानेवारीभर खायचे. रोज एक तुकडा, भाजून, भातावर. "तिच्या दारापर्यंत जाऊन आलेला आहे तो," असं म्हणायचे.

आता माझं कर्तृत्व सांगते. या वसंतात आमचे विभागप्रमुख मिझोगुची यांनी बैठक घेतली. कागदी फॉर्म बंद, सगळं ऑनलाइन, परत करणं सोपं करायचं आहे, कुणाला काही सुचतंय का? मला तोंड आहे. मी म्हटलं, माणसांना दारात थंडीत उभं करून शिक्के कशाला शोधायला लावता? खोकं निघायच्या आधी घरी एक कार्ड जाऊ दे. त्यावर फोन धरला की 'घेतो' किंवा 'परत' एवढंच दाबायचं. मासा बिचारा उगीच प्रवास करणार नाही. आणि परत करणाऱ्याला तोंड उघडावं लागू नये म्हणून कारणांची यादी द्या. एक, नको आहे. दोन, पत्ता बदलला. तीन, दुसऱ्याकडून मिळालंय. चार, खायला चालत नाही. सहा, इतर, त्यात पन्नास अक्षरं लिहायला जागा.

आणि पाच. पाचवं तर मी हट्टानं घालायला लावलं. कामेई नावाच्या एक बाई मला फोनवर रडून सांगत होत्या की नवरा गेल्यावर एका दिवसात तीन कुरियरवाल्यांनी दारात "साहेब आहेत का?" विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांना ते उच्चारावं लागलं. म्हणून पाच: ज्यांच्या नावे आहे, त्या व्यक्ती आता हयात नाहीत. मिझोगुचींनी टाळ्या वाजवल्या. दुकानाच्या पत्रकात माझा फोटो आला, डोळे मिटलेला.

नोव्हेंबरात नीनुमा-सान आले तेव्हा मी त्यांना हे सगळं मोठ्या फुशारकीनं सांगितलं होतं.

"म्हणजे चिठ्ठी नाही?" ते म्हणाले.

"चिठ्ठी कशाला हवी? आता नुसतं परत नाही, का परत तेही कळणार!"

"आणि मासा तिच्या दारापर्यंत जाणारच नाही?"

"अहो, ताजाच राहील की."

 त्यांनी मला कारणं पुन्हा एकदा वाचायला लावली. मी वाचली, पाचवं जरा भरभर. त्यांनी बोटांवर मोजली.

"सहावं बरं आहे," शेवटी म्हणाले. "त्यात जागा आहे. अकरा वर्षांत तिनं मला फक्त 'स्वीकारायचे नाही' एवढंच लिहिलंय. पन्नास अक्षरं म्हणजे पुष्कळ झाली हो. शिव्या घातल्या तरी चालतील. तिच्या असल्या म्हणजे झालं."

त्या पन्नास अक्षरांसाठी हा माणूस आज बर्फातून दोन बस बदलून आला होता.

"ओगुराबाई, स्क्रीन तिकडे का फिरवली?"

"परत केलंय," मी म्हटलं.

"ते तर करणारच. कारण? सहावं ना?"

खरं सांगते, माझ्या मनात खोटं आलं. 'एक, नको आहे.' किती सोपं होतं! हे मान हलवून घरी गेले असते, पुढच्या डिसेंबरात पुन्हा आले असते, आणि मी पुन्हा 'एक' म्हटलं असतं, हे असेपर्यंत. कुणाचं काय बिघडणार होतं? पण समोरच्या माणसानं आयुष्यात एकच गुन्हा केला होता. कुणाला त्रास नको म्हणून त्यानं कळवलं नव्हतं. तेच मी त्याच्याशी करायचं?

"पाचवं," मी म्हटलं.

त्यांनी हात वर केला आणि बोटं मोजायला सुरुवात केली. नको आहे. पत्ता बदलला. मिळालंय. चालत नाही. अंगठ्यापाशी येऊन थांबले.

"पाचवं कुठलं होतं?" त्यांनी विचारलं, पण त्यांना आठवलं होतं. त्यांच्या तोंडावरून दिसत होतं मला.

मी सांगितलं. पूर्ण वाक्य सांगितलं. माझंच वाक्य होतं ते.

 मागच्या काउंटरवर कुणीतरी हॅमचे दोन प्रकार चाखून बघत होतं.

"कधी?"

"ते लिहिलेलं नसतं हो."

त्यांनी पिशवीतून वही काढली. अकरावं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. आकाबोशीचा शिक्का, जरा तिरका. मोठी अक्षरं. चौकटीबाहेर गेलेली रेघ. आता दोघांनाही दिसलं ते. कसं दिसलं नव्हतं, कळत नाही.

"हे तिचं अक्षर नाही," ते म्हणाले.

"नाही."

"पोराचं आहे. आठ-नऊ वर्षांचं असेल. शाळेत एवढं शिकवतात ना या वयात?" त्यांनी त्या बाहेर गेलेल्या रेघेवर बोट ठेवलं. "आई दर वर्षी लिहायची ते बघितलं असणार. आई नाही, तर आपण लिहायचं. शिक्का शोधून, नीट मारून. आईचा नेम चालवला हो त्यानं."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एकतीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर रडले नव्हते.

"म्हणजे एक वर्ष होऊन गेलं," ते म्हणाले. "आणि मी जानेवारीभर तो मासा खाल्ला." मग वहीकडे बघत, "मला कुणी कळवलं नाही."

मी वही त्यांच्याकडे सरकवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "बरोबरच केलं त्यांनी."

"नीनुमा-सान, ते पाचवं कारण मी घातलंय. मीच सुचवलं. माफ करा मला."

"माफ कसलं? ते नसतं तर कुणीतरी पहिलं दाबून मोकळं झालं असतं. आणि मी म्हातारा आपला खूश." त्यांनी वही मिटली आणि टोपी हातात घेतली. मला वाटलं निघाले. पण ते बसूनच राहिले, टोपीवरचा वितळलेला बर्फ बोटानं निपटत.

"अजून एक पाठवायचाय," म्हणाले. "त्याच पत्त्यावर."

मी डोळे पुसून टॅब्लेट ओढला. पत्ता भरला. आडनाव भरलं. नावाच्या चौकटीपाशी थांबले आणि त्यांच्याकडे बघितलं.

"नाव मला माहीत नाही," ते म्हणाले. "मुलगा की मुलगी, तेही नाही."

चौकट रिकामी सोडून मी पुढे जायचं बटण दाबलं. लाल झाली. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. नावाशिवाय आमची सोय पुढे जात नाही. मी उठले आणि खालच्या खणातून जुना कागदी फॉर्म काढला, कार्बनवाला. फेकवला नव्हता म्हणून एक गठ्ठा राहिला होता.

मिझोगुची मागून येत होते. "ओगुरा-सान, कागदी बंद केलंय ना आपण?"

"बंद केलंय. उरलेले संपवतेय."

"पण सिस्टिममध्ये..."

"सिस्टिममध्ये मी नंतर बघते. तुम्ही त्या हॅमवाल्यांकडे बघा, फुकट जेवून चाललेत."

त्यांनी नीनुमा-सानांचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं हॅमकडे गेले.

नीनुमा-सानांनी पेन नाकारलं. खिशातून स्वतःचं बारीक कुंचल्याचं पेन काढलं. त्या जाड बोटांचं अक्षर इतकं देखणं असेल असं कुणाला वाटणार नाही. नावाच्या जागी त्यांनी लिहिलं, 'आकाबोशी चिझुरूच्या लेकरास'. पाठवणाऱ्याच्या जागी आजवर नुसतं नीनुमा लिहायचे, आज त्यापुढे लिहिलं, 'आजोबा'. ते लिहून थांबले. खोडावं की काय असं वाटलं असावं. खोडलं नाही.

मग खालच्या सूचनेच्या ओळीत लिहिलं, 'नको असल्यास तसं स्वतःच्या हातानं लिहून परत पाठवावं.'

"आता कार्ड जाणार नाही ना आधी?" त्यांनी विचारलं. "मासा दारापर्यंत जाईल?"

"जाईल. मी स्वतः बघते."

शिक्क्यावर त्यांनी दोनदा फुंकर घातली, दोन्ही अंगठ्यांनी कागदावर दाबला आणि बराच वेळ उचललाच नाही. उचलला तेव्हा शिक्का एकदम स्वच्छ उमटलेला होता. टोपी घालून ते वाकले, मीही वाकले, आणि ते सरकत्या जिन्याकडे चालू लागले.

मी फॉर्म फाडून प्रत वेगळी करत होते तेवढ्यात ते परत आले. टेबलाच्या कडेला हात टेकून, हळू आवाजात म्हणाले, "ओगुराबाई, काटे काढून द्यायला सांगाल? आई नाहीये ना काढून द्यायला."

मी त्यांच्या ओळीखाली माझ्या अक्षरात लिहिलं, 'काटे काढून'.