रमशाचे सहा गुण

"ताई, जिच्या नावापुढे शून्य आहे तिनेच मॅच जिंकवली, हे तुमच्या टॅबला कळतं का?"

हा प्रश्न विचारायची पैज शाळेच्या टीममधल्या रमशाने लावली होती आणि तिथल्याच तुळजाने त्याला फोडणी दिली होती. "विचारून दाखव संघा. नाहीतर महिनाभर ती मळकी वही शाळेत आणायची नाही." दोन वर्षांपूर्वी हजेरीलाही पुटपुटणारी आमची संघरत्ना मॅचचे आकडे नोंदवणाऱ्या करिष्माताईंसमोर सरळ जाऊन उभी राहिली. काखेत मी होते.

मित्रांनो, ती मळकी वही म्हणजे मीच.

मी एक जुनी नोंदवही आहे, लाल कापडी पाठीची. माझा जन्म भिवंडीतल्याच एका छापखान्यात झाला. तिथून मी थेट सादिकभाईंच्या कापडाच्या कारखान्यात गेले. मागांच्या खडखडाटात संघाचे पप्पा, राकेश मेहता, मला उघडायचे. मेहता हे त्यांचं आडनाव नाही बरं का, कारखान्यात नोंदी ठेवणाऱ्याला मेहता म्हणतात. माझ्यात रकाने होते: मागाचा नंबर, दिवसपाळी, रातपाळी, किती मीटर विणलं, किती वेळा धागा तुटला. आणि शेवटी माझा लाडका रकाना, 'साथ'. एखादा कारागीर नमाजला किंवा जेवायला गेला की शेजारचा त्याचे माग सांभाळायचा. ते कापडात दिसत नाही, म्हणून राकेश मेहता ते माझ्यात लिहायचे. "मेहताची वही खोटं बोलत नाही," असं सादिकभाई चारचौघांत म्हणायचे. तेव्हा माझी पाठ कशी ताठ व्हायची, काय सांगू.

मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. मी अर्धी कोरीच राहिले होते, तरी मला माळ्यावर टाकलं. वर पडल्या पडल्या मला खालची बटणं ऐकू यायची. टक टक टक. जळून जळून माझ्या कडा पिवळ्या पडल्या. धुळीने पडल्या असं लोक म्हणतात, पण मला माहीत आहे.

शेवटी पप्पांनी मला घरी आणलं आणि संघाने मला बास्केटबॉलच्या मैदानावर नेलं. ती शाळेच्या टीममध्ये राखीव. बाकावर बसून करणार काय? मागाच्या नंबरच्या जागी ती जर्सीचा नंबर लिहू लागली. पहिला हाफ दिवसपाळी, दुसरा रातपाळी. मीटरच्या जागी गुण. हातातून बॉल गेला की धागा तुटला. आणि मैत्रिणीची रिकामी पडलेली जागा जी धावत जाऊन सांभाळेल, तिला 'साथ'मध्ये एक रेघ. टीमचे कोच प्रितेश सर खूश झाले. "संघाची वही म्हणजे पक्कं काम," म्हणाले. मी पुन्हा ताठ.

पण माझ्या रकान्यांत सगळ्यांत भरलेली ओळ असायची रमशाची. सादिकभाईंची मुलगी. उंच, चपळ, नवे बूट, आणि वर स्वभावानेही गोड, म्हणजे रागावायचीही सोय नाही. संघाची पेन्सिल तिच्या ओळीवर आली की जड व्हायची. ते ओझं मला ओळखीचं होतं. मी टकटकीवर जळत होते, ती टाळ्यांवर.

तर त्या रविवारी दुपारी पूर्णा गावच्या एका रिकाम्या गोदामात मुलींच्या दोन प्रो टीमची मॅच होती. खोक्यांच्या जागी लाकडी पट्ट्या जोडून मैदान केलं होतं. संघाची मम्मी, कौसल्याताई, मानकोलीच्या गोदामात पॅकिंगला आहेत. त्यांना तिथूनच संघा, रमशा आणि तुळजासाठी तीन पास मिळाले होते. संघाने सगळी मॅच माझ्यात उतरवली. पण समोरच्या टेबलावर करिष्माताईंचा टॅब होता. गोरा, चपटा. बोट लागलं की रकाने आपोआप भरायचे, बेरजा आपोआप व्हायच्या. माझ्या पानापानाला मिरची झोंबली. याचा एक तरी आकडा चुकू दे, असं मी मनात म्हणत होते.

म्हणून तो प्रश्न ऐकताना मला केवढा आनंद झाला. नारिंगी टीमच्या बारा नंबरचे गुण शून्य होते, पण माझ्यात तिच्या नावापुढे 'साथ'च्या अकरा रेघा होत्या. आता बघू, म्हटलं.

करिष्माताई हसल्या. "कळतं की. हे बघ. बारा नंबर मैदानात होती तेवढ्या वेळात तिच्या टीमने समोरच्यांपेक्षा चौदा गुण जास्त केले. हा आकडाही आम्ही ठेवतो."

झालं. माझा एकुलता एक दागिनाही त्याच्याकडे होता.

"पण तुझ्या रेघा मला आवडल्या," ताई म्हणाल्या. "चौदा का झाले, ते यात दिसतं. माझ्यात नाही दिसत. बघू वही?" त्यांनी मला टॅबशेजारी ठेवलं आणि बोट फिरवत आल्या. "नारिंगी अडुसष्ट, बरोबर. निळे माझ्याकडे त्रेसष्ट, तुझ्याकडे एकसष्ट. सात नंबरचे चोवीस आहेत, तू बावीस लिहिलेत. एक बास्केट राहून गेली. होतं असं."

"सात नंबरशी तुझी काय दुश्मनी गं?" रमशा खदखदून हसली. "बिचारी माझ्यासारखी खेळते म्हणून?"

संघा हसली नाही. सात नंबर खरोखरच रमशासारखी खेळत होती, आणि ती बास्केट राहून गेली नव्हती. गोदाम टाळ्यांनी दणाणलं तेव्हा पेन्सिल माझ्यावर टेकली होती आणि उचलली गेली होती. मला माहीत होतं, कारण हे पहिल्यांदा झालं नव्हतं.

संध्याकाळी घरी पप्पा म्हणाले, "आण बघू. प्रो मॅच माझ्या रकान्यांत कशी बसली?" पानं उलटता उलटता ते शाळेच्या तीन सराव सामन्यांवर थांबले. त्यांचा अंगठा कागदावरून पुन्हा पुन्हा फिरला. मग त्यांनी ते पान ट्यूबलाइटसमोर धरलं, कारखान्यात ताका उजेडात धरतात तसं. विरळ विणलेलं कापड उजेडात लपत नाही. मीही लपले नाही. तीन ठिकाणी उजेड आरपार आला.

"खोडरबर?" पप्पांनी विचारलं. "संघा, मेहता खोडत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारतो, बाजूला खरं लिहितो, सही करतो. काय होतं इथे?"

"रमशाचे सहा गुण." संघाचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा बारीक झाला होता. "तीन सामन्यांत मिळून तिचे पंचावन्न होते. मी एकोणपन्नास केले. तुळजाचे एक्कावन्न. जिचे जास्त तिला सर जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी कॅप्टन करणार आहेत. उद्या सांगणार आहेत."

"तुझा तर नंबरच नव्हता त्यात," मम्मी म्हणाली. "मग तुला काय मिळणार होतं?"

"काहीच नाही. तिला मिळू नये, एवढंच."

मित्रांनो, मलाही तेव्हा टॅब आठवला. तो चुकल्याने मला तरी काय मिळणार होतं? माळ्यावरची वर्षं परत येणार नव्हती. उलट मी ज्याचा आकडा चुकावा म्हणून टपले होते, त्याचा बरोबर निघाला आणि माझाच चुकला. 'खोटं बोलत नाही' म्हणून मिरवणारी मी, तीन भोकं पोटात घेऊन गप्प बसले होते.

एक मागणं आहे. वही जुनी झाली तर खुशाल माळ्यावर टाका, मी धूळ सोसेन. चुकलं तर माझ्यावर रेघ मारा, दहा मारा. पण दुसऱ्याचं खोडायला माझं पान वापरू नका. कागद पातळ होतो, आणि तो पुन्हा जाड होत नाही.

संघाने मला उचललं, दप्तरात सगळ्यांत वर ठेवलं. मग खिशातून पेन काढून टोपण नीट बसलंय का पाहिलं. पेन, पेन्सिल नव्हे. वळली तेव्हा तिचा आवाज परत आला होता.

"पप्पा, मम्मी, उद्या मी अर्धा तास लवकर निघणार. सरांकडे नंतर जाईन, आधी रमशाच्या घरी. ते सहा गुण मी तिच्यासमोर लिहिणार. आणि बाजूला सही माझी."