मोडलेली ओळ

स्टेनग्रिमुर सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होता. शाळांसाठी नवा काव्यसंग्रह निघत होता आणि संपादक क्यार्तान त्याचं पान दाखवायला यायचा होता. तीस वर्षं यमक-अनुप्रास झुगारून लिहिलं, लोकांनी ‘अणुकवी’ म्हणून हिणवलं. एवढं सोसल्यावर थेट राजधानीच्या, रेक्याविकच्या पुस्तकात एक पान मिळतंय म्हटल्यावर जीव थाऱ्यावर कुठला असणार?

क्यार्तान आला. खडीसाखर दाताखाली धरून कॉफी प्यायला आणि पान पुढं सरकवलं. त्यावर त्याच्या सहा पुस्तकांमधलं काहीच नव्हतं. होत्या फक्त चार ओळी, त्यानं स्वतःच्या बापाच्या अंत्यविधीसाठी जुन्या छंदात रचलेल्या; त्या छंदात ओळीओळीला अनुप्रास लागतोच. उत्तरेकडच्या त्याच्या खोऱ्यात अजून प्रत्येक मयताला त्या म्हणतात.

“पोरं हे पाठ करतील हो,” क्यार्तान म्हणाला. “तुमचं बाकीचं कुणाला पाठ आहे?”

स्टेनग्रिमुर चौथ्या ओळीशी अडला. “ही माझी नाही. मी अनुप्रास मुद्दाम तोडला होता. बाप मध्येच गेला, म्हणून ओळ मध्येच मोडली.”

“मूळ कागद?”

“बापाबरोबर पुरला.”

त्यानं तडक बहिणीला फोन लावला. “ताई, ती ओळ कुणी बदलली?”

“मीच, अंत्यविधीला वाचून दाखवताना,” सोलवेग म्हणाली. “सगळं खोरं ऐकायला बसलेलं आणि तुझा अनुप्रास चुकलेला. वाटलं, रडून रडून सुचत नसेल बिचाऱ्याला. लाज राखली तुझी.”

“चुकला नव्हता गं.”

“मग सतरा वर्षं गप्प का बसलास?”

त्यानं फोन ठेवला. गप्प बसला, कारण माणसं त्याच्या ओळी म्हणत होती आणि ते त्याला गोड लागत होतं. आता त्याचीच चीड आली.

“माझी ओळ छापा, नाहीतर पान काढून टाका,” तो म्हणाला.

क्यार्तान काही वाईट माणूस नव्हता. त्यानं पेन्सिल काढली. “सांगा. ही खोडतो, तुमची लिहितो.”

स्टेनग्रिमुर पहिल्या ओळीपासून म्हणू लागला. तीन ओळी सरळ आल्या. चौथी आली ती सोलवेगची. त्यानं पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करत. पुन्हा सोलवेगचीच.

“हीच तर छापलीय,” क्यार्तान हळूच म्हणाला.

“थांबा जरा,” म्हणत तो परत पहिल्या ओळीवर गेला.