गोठा झाकणारी पदवी

देविकाच्या घरात ‘गाय’ हा शब्द पाहुण्यांसमोर उच्चारायचा नाही, असा अलिखित नियम होता. मुलगी पशुवैद्यक शिकते आहे, हे तर नाकारता येत नव्हते. म्हणून तिची आई मंजिरी ‘ती मेडिकल सायन्समध्ये आहे’ एवढेच सांगे आणि लगेच विषय हवामानाकडे वळवी. इंग्लंडमध्ये वीस वर्षे काढून या बाईने आत्मसात केलेली ही एकमेव स्थानिक कला, असे देविकाचे मत होते.

विद्यापीठाने तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले होते. मूळ पदवीच्या जोडीला तीन वर्षांची पीएचडी करावी, नाहीतर एका वर्षाची सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स. दोन्ही करता येणार नव्हते आणि उत्तर सोमवारी द्यायचे होते.

मनातून तिला मास्टर्स हवी होती. मागच्या उन्हाळ्यात यॉर्कशरच्या एका गोठ्यावर ती कामाला होती. तिथे वासरांना लागलेली हगवण मालकाच्या लहान मुलांपर्यंत पोहोचली. ती कशी पोहोचली, बुटांवरून की पाण्यातून, हा प्रश्न तिच्या डोक्यातून गेलाच नव्हता. असले प्रश्न घेऊन गोठेच्या गोठे पालथे घालणे, हाच त्या वर्षाचा अभ्यास होता.

पण ‘पब्लिक हेल्थ’ हे दोन शब्द ऐकताच घरात जो आनंद उसळला, त्याने तिच्या तोंडाची चवच गेली. आरोग्य म्हणजे माणसे, माणसे म्हणजे हॉस्पिटल, म्हणजे गाय गेली! ज्या पदवीने या लोकांना इतका आनंद होतो ती घ्यायचीच नाही, असे तिने ठरवून टाकले. पीएचडी लंगडणाऱ्या गाईंवर होती. सांगू देत आता चारचौघांत.

रविवारी लेस्टरच्या मंडळाचे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. भाड्याच्या हॉलमध्ये पैठण्यांवर लोकरी कोट चढले होते, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटले जात होते, आणि प्रत्येक डब्यामागे एकेका मुलामुलीची चौकशी सुरू होती. पुरुष मागच्या बाजूला चहा ओतत होते. त्यांच्यात ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा, देविकाच्या वडिलांचा धाकटा भाऊ रवीकाकाही होता.

लीड्सच्या लीलावतीबाई मंजिरीपुढे थांबल्या. त्यांचा मुलगा तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर होता, आणि हे हॉलमध्ये कोणालाही विचारावे लागत नव्हते.

“हीच का तुमची देविका? काय करतेस गं बाळ?”

“डॉक्टरच,” मंजिरी घाईने म्हणाली. “आता पब्लिक हेल्थ घेतेय.”

“माणसांचंच हो काकू,” किटली हातात घेऊनच रवीकाका पुढे आला. “जनावरांचं आपलं बेसिक म्हणून केलं.”

बेसिक! पाच वर्षांचे शिक्षण या माणसाने एका शब्दात चहाच्या गाळासारखे फेकून दिले.

“नाही काका,” देविका शांतपणे म्हणाली. “मी पीएचडी घेते. गाईच्या खुरांवर.”

मंजिरीचा चेहरा उतरला. लीलावतीबाईंनी हातातला डबा किंचित मागे घेतला, जणू त्याला वास लागेल. देविकाला अपेक्षेहून जास्त मजा आली. ती लांबवावी म्हणून तिने खुलासा केला. “लंगडणाऱ्या गाईंचे व्हिडिओ येतात. मग गाय पाऊल कसं टाकते ते सॉफ्टवेअरवर मोजायचं. त्याचं मॉडेल बनवायचं.”

“आणि गोठ्यात?” लीलावतीबाईंनी जपून विचारले.

“गोठ्यात... फारसं जावं लागत नाही.”

“अगं, म्हणजे डेटा सायन्स!” रवीकाकाची किटली हिंदकळली. “एआय! आधी नाही का सांगायचं? वहिनी, पोरगी आपल्या लाइनीत आली! ब्रॅकनेलला माझ्या शेजारी बसून करेल हे.”

“घरूनही होईल ना रे?” मंजिरीच्या चेहऱ्यावर रंग परतला.

“घरून? आरामात!”

लीलावतीबाईंचा डबा पूर्वीच्या जागी आला. “आमच्या सुश्रुतच्या हॉस्पिटलातही हल्ली एआयचंच चाललंय,” त्या म्हणाल्या आणि देविकाला नव्याने न्याहाळू लागल्या.

देविका पाहत राहिली. या माणसांच्या घशाखाली काहीही उतरत होते. उद्या तिने खाटीकखाना निवडला असता तरी त्यातून यांनी मॅनेजमेंट शोधून काढले असते. आणि यांना खिजवण्यासाठी ती तीन वर्षे पडद्यासमोर बसून दुसऱ्यांनी चित्रित केलेल्या गाई पाहायला निघाली होती! त्या क्षणी हॉलमधल्या सर्वांत मूर्ख माणसाचा मान तिने रवीकाकाकडून काढून स्वतःकडे घेतला.

“एक्स्क्यूज मी,” म्हणून ती बाहेर पडली.

गाड्यांच्या रांगेत उभे राहून तिने फोन उघडला, मास्टर्स स्वीकारली आणि पीएचडीला नकार कळवला. बोटे गारठली होती, पण दोन्ही बटणे पहिल्याच फटक्यात दाबली गेली.

आत आली तेव्हा रवीकाका दुसऱ्या घोळक्याला सांगत होता, “एआयमध्ये पीएचडी! आमची पुतणी!” मंजिरी शेजारी उभी राहून मान डोलावत होती. त्यांची चूक दुरुस्त करायला देविकाला अर्धे मिनिटही लागले नसते. तिने कोट उचलला, आईला “मी बसने जाते” असे सांगितले आणि मंजिरीने “जेवून तरी जा” म्हणेपर्यंत ती दाराबाहेर होती.