याहून जाड पुस्तक आहे का?

वाचनालयाच्या दारावर एटेलाबाईंनी यादी डकवली होती. दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी जादूची आणि साहसाची वीस पुस्तकं, प्रत्येकापुढे बाईंनी स्वतः खरडलेल्या दोन ओळी. अकरा वर्षांच्या झोर्कानं त्या ओळींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती फक्त पानांचे आकडे बघत होती.

"हे उडत्या बेटाचं ने. दोन दिवसांत फडशा पाडशील," बाई म्हणाल्या.

"याहून जाड आहे का?"

"अगं, पुस्तक हवंय की उशी?"

आता बाईंना काय सांगणार! झोर्काची आई, ब्लाझेना, ऑस्ट्रियात एका म्हातारीची देखभाल करायची. गावातल्या निम्म्या बायका तेच करतात. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. रविवारी दुपारी मिनीबस येते आणि दारोदारच्या आया उचलून नेते. मागल्या खेपेला झोर्काला वाचून दाखवताना आई बोलून बसली होती, "पुस्तक अर्धं टाकून मी जायची नाही. शब्द देते." तेव्हाचं पुस्तक नव्वद पानांचं होतं. पण शब्द तो शब्द. झोर्कानं सहाशे चाळीस पानांचा ड्रॅगन घरी नेला.

मग काय, आई हालुश्कीचे बटाट्याचे गोळे उकळत्या पाण्यात ढवळताना वाचायची, कपडे वाळत घालतानाही वाचायची. तेव्हा पुस्तक झोर्का धरून उभी. मधेच ती मुद्दाम अडवायची, "ते परत वाच ना! राजकन्या वेशीतून कशी निसटली?"

"अगं कार्टे, तिसऱ्यांदा वाचतेय!"

शनिवारपर्यंत आईचा घसा पार बसला. अजून दोनशे पानं उरली होती आणि झोर्काला मनातून उकळ्या फुटत होत्या. आई जाणार नव्हती!

रविवारी जेवणं होतात न होतात तोच फोन वाजला. तिकडून इलोना बोलत होती, आईशी पाळीपाळीनं त्याच म्हातारीला सांभाळणारी. ब्लाझेना पोचली की ती सुटायची आणि आपल्या घरी जायची.

"इलोना, दोन दिवस जास्त राहशील का गं? पोरीला शब्द दिलाय मी," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली.

पलीकडचं सगळं झोर्कालाही ऐकू येत होतं. "माझा मिश्को सकाळपासून खिडकीत बसलाय गं! काय सांगू त्याला?"

झोर्काला मिश्को कोण ते ठाऊक नव्हतं. पण ते खिडकीत बसणं! काच गार लागते, प्रत्येक गाडी आपलीच वाटते आणि कुणी जेवायला हाक मारली तरी उठवत नाही. त्या मिश्कोचा तिला रागही आला, चांगलाच.

तिनं पुस्तक फाटकन मिटलं. "आई, हे तर संपलंय."

"अगं, एवढी पानं?"

"मागे नुसते नकाशे आहेत. आणि राजांच्या वंशावळी. ते कोण वाचतं?"

बाहेर मिनीबसचा हॉर्न वाजला. आईनं पुस्तक घेतलं, खुणेचं पान उघडलं. राजकन्या अजून जंगलातच होती, ड्रॅगन पिंजऱ्यातच. आईनं खूण तिथंच ठेवून पुस्तक मिटलं.

"शेवट छान होता गं," ती म्हणाली.

"मला नाही आवडला," झोर्का म्हणाली, आणि आईची बॅग उचलून तिनं दाराशी नेऊन ठेवली.